ॲब्सर्ड नाटकातले तत्त्वज्ञान रंगसूचनांत शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकांकिका स्पर्धांचे निकाल लागले की नाट्यवृत्तांत ‘अस्तित्ववादी आशयाची ॲब्सर्ड एकांकिका’ असा ठरलेला शेरा वाचायला मिळतो. त्या शेऱ्यामागचा प्रयोगही बहुधा ठरलेला असतो. काळा पडदा, दोन पात्रे, एखादी रिकामी शिडी, मधूनच विनाकारण हसू, आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्रेक्षकांकडे तोंड करून म्हटलेले लांबलचक स्वगत. ‘मी कोण?’, ‘जगण्याला अर्थ काय?’, ‘आपण सगळेच कशाची तरी वाट बघतोय’ अशी वाक्ये त्यात असतात. टाळ्या पडतात, परीक्षक माना डोलावतात. यात अस्तित्ववाद किती आणि ॲब्सर्ड नाटक किती, याचा हिशेब एकदा कुणीतरी मांडायला हवा होता. बसवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल इतक्या तपशिलात लिहिले आहे, त्यामुळे पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच असेल तर आमच्या मतांना लावावी, दोर आणि टोप्यांच्या मजकुराला लावू नये.

आमचे म्हणणे असे की अस्तित्ववादाची सुरुवात ॲब्सर्ड नाटकाला मान्य आहे, शेवट मान्य नाही. जगाला आधीपासून ठरलेला अर्थ नाही, माणसाला कुणी नेमून इथे पाठवलेले नाही, इथपर्यंत दोघे बरोबर चालतात. पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ आणि नाटककार सार्त्र म्हणतो, म्हणूनच माणूस मोकळा आहे. त्याने निवड करावी आणि तिची जबाबदारी घ्यावी. त्याच काळातला लेखक काम्यू म्हणतो, हे डोळे उघडे ठेवून सोसावे आणि बंड करावे. बेकेट आणि आयनेस्को हे ॲब्सर्ड नाटककार या पुढच्या पायऱ्या चढतच नाहीत. का चढत नाहीत तेही पात्रांच्या तोंडून सांगत नाहीत. ते रंगमंचावरच्या वस्तू, हालचाली आणि शांतता यांच्यातून दिसते. स्वगत लिहिणारा लेखक नेमकी तीच जागा शब्दांनी बुजवून टाकतो.

अस्तित्ववाद आणि ॲब्सर्ड नाटक या दोन्ही गोष्टी एकाच शहरात आणि थोड्याच वर्षांच्या अंतराने घडल्या, म्हणून गल्लत होणे साहजिक आहे. काम्यूचा सिसिफसवरचा निबंध १९४२ चा. सार्त्रचे ‘नो एक्झिट’ पॅरिसमध्ये मे १९४४ मध्ये, जर्मन अंमल असतानाच रंगमंचावर आले. आयनेस्कोचे ‘द बाल्ड सोप्रानो’ ११ मे १९५० चे, बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ ५ जानेवारी १९५३ चे. तेही पॅरिसमध्येच, बाबिलोन नावाच्या छोट्या थिएटरात, रोजे ब्लँच्या दिग्दर्शनाखाली. समीक्षक मार्टिन एस्लिनने १९६१ मध्ये आपल्या पुस्तकातून या नाटकांना ‘थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ हे नाव चिकटवले ते बहुतेकांना माहीत असते. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला त्याने केलेला फरक मात्र कुणी वाचत नाही. सार्त्र आणि काम्यू यांनी जगाच्या विसंगतीची, म्हणजे अर्थहीनतेची, गोष्ट अगदी सुसंगत, तर्कशुद्ध रचनेच्या नाटकांतून सांगितली. बेकेट-आयनेस्कोंनी ती रचनाच मोडली, असे तो म्हणतो. स्वतः काम्यूला अस्तित्ववादी म्हणवून घेणे पसंत नव्हते आणि बेकेटला एस्लिनचे लेबल रुचले नाही, ही आणखी एक गंमत.

‘नो एक्झिट’ हातात घेतले की हा फरक स्वच्छ दिसतो. गार्सां, इनेझ आणि एस्टेल ही तीन मेलेली माणसे नरकातल्या एका बंद खोलीत आहेत. खोलीत तीन सोफे, एक ब्राँझचा पुतळा आणि कागद कापायची एक सुरी. पुस्तक एकही नाही, आरसा नाही. हीच सुरी सार्त्रने ऑक्टोबर १९४५ मधल्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात उदाहरण म्हणून वापरली: सुरी बनवणाऱ्याच्या डोक्यात ती कशासाठी हे आधी ठरलेले असते, माणसाचे तसे नाही. नाटकात कापायला कागद नसलेल्या खोलीत ती पडून असते आणि शेवटाकडे एस्टेल ती इनेझच्या अंगात खुपसते. इनेझ आधीच मेलेली असल्यामुळे काहीच होत नाही, ती हसते. सार्त्रच्या नाटकातला हा सर्वांत ॲब्सर्ड क्षण. पण सार्त्रला तेवढ्यावर थांबवत नाही. त्याच्या आधीच दार अचानक उघडते, गार्सां बाहेर जात नाही, आणि का जात नाही यावर रीतसर वाद होतो. इनेझच्या नजरेत आपण भित्रे ठरलो तर सुटून उपयोग काय, हे तो बोलून दाखवतो. निवड, आत्मवंचना, दुसऱ्याची नजर हे सगळे संवादांतून उलगडते. हे उत्तम नाटक आहे. त्याचे इंजिन मात्र चर्चानाट्याचे आहे.

आता ‘गोदो’चा शेवट पाहा. व्लादिमीर आणि एस्ट्रागॉन हे दोन भणंग एका झाडापाशी गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघतात आणि तो येत नाही, एवढेच हे नाटक. इथे खोली नाही, दार नाही. गावाबाहेरचा उघडा रस्ता आहे. पहिल्या अंकाच्या अखेरीस एस्ट्रागॉन विचारतो, “मग, निघायचं?” व्लादिमीर म्हणतो, “हो, चल.” रंगसूचना: ते हलत नाहीत. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस तीच दोन वाक्ये, फक्त विचारणारा व्लादिमीर आणि उत्तर देणारा एस्ट्रागॉन. रंगसूचना तीच. गार्सांच्या न जाण्याला कारण आहे. यांच्या न हलण्याला दिलेले कारण नाही. निवड तोंडाने झाली आहे, पायांनी झालेली नाही. सार्त्रच्या मते माणूस म्हणजे त्याच्या कृतींची बेरीज. या दोघांची बेरीज करायला गेलात तर हाती काय लागते, हा प्रश्न बेकेट तीन शब्दांच्या सूचनेत विचारतो. हा शेवट बसवताना दोन चुका हमखास होतात. “चल” म्हटल्यावर एखादा नट अर्धे पाऊल उचलतो आणि मग थबकतो, किंवा दिग्दर्शक लगेच ब्लॅकआउट करतो. अर्धे पाऊल उचलले की ‘जायची इच्छा होती पण धैर्य झाले नाही’ अशी मानसशास्त्रीय कथा तयार होते. लगेच अंधार केला की प्रेक्षकाला न हलणे दिसतच नाही. उजेडात, पूर्ण स्थिर, प्रेक्षक ‘आता हलतील’ ही अपेक्षा सोडून देईपर्यंत उभे राहावे लागते. चार संथ श्वास ही आमच्या मते किमान मर्यादा.

काम्यूने आपल्या निबंधात विसंगतीला सामोरे जाण्याचे तीन मार्ग तपासले आहेत: आत्महत्या, श्रद्धेची उडी (म्हणजे तर्क सोडून विश्वास ठेवणे) आणि बंड. पहिले दोन तो नाकारतो. बेकेटने काम्यू समोर ठेवून नाटक लिहिले असा आमचा दावा नाही. तरी हे तीन मार्ग ‘गोदो’वर ठेवून पाहिले की नाटकाची हाडे दिसू लागतात. वाट पाहणे म्हणजे जवळपास श्रद्धेची उडीच. तीही रोज नव्याने, कारण गोदो उद्या येणार असतो. आत्महत्येचा विचार दोन्ही अंकांत येतो आणि दोन्हीदा तो तांत्रिक अडचणीत अडकतो. पहिल्या अंकात फांदी कुणाचे वजन पेलेल यावर खल होतो. दुसऱ्या अंकात दोर आहे का इथपासून सुरुवात होते, एस्ट्रागॉन पँटला बांधलेली दोरी सोडतो, दोघे दोन टोके धरून ओढून पाहतात, आणि दोरी तुटते. बंड? ते कुठेच नाही.

घोडे पेंड खाते ते या दोरीपाशी. दोरी सोडल्याबरोबर एस्ट्रागॉनची ढगळ पँट घोट्यापर्यंत खाली पडते, आणि उद्या पुन्हा येऊ, गोदो आला तर वाचलो, हे नाटकातले सर्वांत गंभीर बोलणे ती पँट खालीच असताना चालते. व्लादिमीर शेवटी “पँट वर घे” म्हणतो तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येते. पहिल्या प्रयोगातल्या नटाला हे अवघड वाटत होते, तेव्हा बेकेटने ब्लँला पत्र लिहून पँट पूर्ण खाली पडलीच पाहिजे असा आग्रह धरला. आपल्याकडे संकोचापोटी सेफ्टी पिन लावतात आणि पँट गुडघ्यावर अडते. अर्धवट अडलेली पँट नुसती अश्लील दिसते. पूर्ण पडलेली हास्यास्पद आणि केविलवाणी, दोन्ही एकदम दिसते. पँट कमरेला नटाच्या मापापेक्षा किमान सहा इंच मोठी शिवावी, आत काळी किंवा मळकट रंगाची लांब चड्डी द्यावी. दोरी मध्यभागी कापून दोन्ही टोके शिवणाच्या दोऱ्याच्या दोन-तीन फेऱ्यांनी जोडावी. फेऱ्या कमी झाल्या तर पँटला बांधतानाच तुटते, जास्त झाल्या तर ओढून तुटत नाही आणि नट एकमेकांकडे बघत राहतात. जोड प्रत्येक प्रयोगाला नवा लागतो. कालचा जोड ताणून सैल झालेला असतो.

झाडाचेही तसेच. संहितेत झाड आहे एवढेच, पण पुढच्या प्रसंगांवरून त्याचे माप निघते. दुसऱ्या अंकात व्लादिमीर एस्ट्रागॉनला झाडामागे लपायला सांगतो आणि त्याच्यामागे काहीही लपत नाही, झाडाचा आपल्याला काडीचा उपयोग नाही अशी व्लादिमीरची तक्रार आहे. म्हणजे खोड नटाच्या दंडापेक्षा जाड नको. नेपथ्यकाराने वडाचा बुंधा उभा केला की हा विनोद मेला, आणि गळफासाची शंकाही मेली, कारण तो बुंधा दहा जणांना पेलेल. पॅरिसच्या १९६१ च्या प्रयोगासाठी शिल्पकार जियाकोमेत्तीने केलेले झाड तर काटकुळेच होते. दुसऱ्या अंकात त्यावर चार-पाच पाने येतात. चार-पाच म्हणजे चार-पाच. भरगच्च पालवी लावून वर हिरवा स्पॉट टाकला की प्रेक्षक ‘आशेचे प्रतीक’ म्हणून मोकळा होतो. चार पाने पाहून प्रेक्षकाला ठरवता येत नाही, आणि पात्रांनाही ठरवता येत नाही. एका रात्रीत पाने आली कशी, जागा तीच का, यावरून ते भांडतात. अर्थ देऊ करायचा आणि सिद्ध होऊ द्यायचा नाही, हे काम ती चार पाने करतात.

पोझ्झो हा वाटेत भेटणारा मालक आणि लकी हा त्याने गळ्याला दोर बांधून चालवलेला गुलाम. त्यांचा दोर पहिल्या अंकात इतका लांब हवा की लकी रंगमंचाच्या मध्यापर्यंत आला तरी पोझ्झो विंगेतच असावा. दर्शनी रुंदी तीस फूट असेल तर दोर अठरा फुटांच्या आत चालणार नाही. दुसऱ्या अंकात पोझ्झो आंधळा झालेला असतो, तेव्हा दोर बराच आखूड. मालक गुलामाला ओढतो हे पहिल्या अंकातले चित्र दुसऱ्यात आंधळ्याला वाटाड्या नेतो असे होते आणि त्यासाठी एकही वाक्य खर्च होत नाही. गळ्याभोवती सरकगाठ कधीही मारू नये. घट्ट न होणारा कायमचा फास आणि मानेमागे झटका बसताच सुटेल असा वेल्क्रोचा जोड ठेवावा. लकी पडतो तेव्हा दोर पोझ्झोच्या हातात असतो, हे विसरून अपघात होतात.

प्रकाशयोजनेबद्दल एवढेच की गोदो आज येणार नाही, उद्या येईल असा निरोप घेऊन येणारा मुलगा तो देऊन गेला की रात्र एकदम होते आणि चंद्र वर येतो, दोन्ही अंकांत. इथे दोन मिनिटांचा हळुवार फेड आणि बासरी नको. रात्र पडली हे जितके यांत्रिक दिसेल तितके बरे.

त्या मुलाच्या प्रसंगात आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि ती जवळजवळ सगळ्या प्रयोगांत हरवते. सार्त्रसाठी दुसऱ्याची नजर ही मोठी समस्या आहे; ‘नो एक्झिट’मधला नरक म्हणजे कायम कुणीतरी बघत असणे. बेकेटची पात्रे उलट कुणीतरी बघावे म्हणून आसुसलेली आहेत. पोझ्झो बोलण्याआधी सगळे आपल्याकडे बघताहेत ना याची खात्री करून घेतो. पहिल्या अंकात मुलगा विचारतो, गोदोसाहेबांना काय सांगू? व्लादिमीर सांगतो, तू आम्हांला पाहिलंस म्हणून सांग. दुसऱ्या अंकात तोच प्रश्न, आणि उत्तर: तू मला पाहिलंस म्हणून सांग. ‘आम्हांला’चे ‘मला’ होते. एस्ट्रागॉन बाजूला झोपलेला असतो, त्याला काल काय झाले आठवत नाही, मुलगा म्हणतो मी काल आलोच नव्हतो; म्हणजे व्लादिमीर होता याला साक्षीदार कुणी उरत नाही. उद्या पुन्हा भेटल्यावर मला पाहिलेच नव्हते असे म्हणू नकोस, असे तो मुलाला बजावतो आणि झेप घेतो. मुलगा पळून जातो. कृतींची बेरीज करणारे पुस्तकच रोज रात्री कोरे होत असेल तर सार्त्रने सांगितलेली जबाबदारी घ्यायची कशी? अस्तित्ववादावर इतकी नेमकी हरकत तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातही क्वचित सापडेल. संहितेची काटछाट करताना ‘पुनरावृत्ती’ म्हणून पहिला जातो तो हाच प्रसंग, दोनपैकी एक मुलगा कापून. एक मुलगा कापला की उरलेल्या मुलाला काही अर्थ राहत नाही.

पुनरावृत्तीची भीती हा मराठी नटाचा जुना आजार. “चल जाऊ.” “नाही जाता येत.” “का?” “गोदोची वाट बघतोय.” हे संवाद नाटकभर फिरून फिरून येतात. प्रत्येक वेळी नवा भाव शोधायचा, एकदा चिडून, एकदा रडवेले, एकदा कुजबुजत, असे नटाला वाटते. तालीम मास्तरही तेच शिकवतात. इथे सूर तोच ठेवायचा, भजनातल्या ध्रुवपदासारखा. आजूबाजूचे कडवे बदललेले असते, म्हणून तोच सूर दर वेळी वेगळा ऐकू येतो. पॉजच्या बाबतीत तालमीत श्वास मोजणे सोयीचे पडते: ‘पॉज’ लिहिले असेल तिथे एक श्वास, ‘शांतता’ लिहिली असेल तिथे तीन. हे आकडे संहितेत नाहीत, तालमीपुरते आहेत. तिसऱ्या आठवड्यात मोजणे सोडून द्यावे. पॉजमध्ये ‘विचार करतोय’ असा चेहरा करू नये. शांतता पात्रावर येऊन पडते आणि तिच्यातून सुटण्यासाठी ते पुढचे वाक्य शोधते. टोप्या, बूट, गाजर, मुळा हे सगळे त्या शोधातूनच आले आहे.

दुसऱ्या अंकात व्लादिमीर आणि एस्ट्रागॉन टोप्यांची अदलाबदल करत राहतात. त्या खेळात तीन टोप्या आणि दोन डोकी. शेवटी व्लादिमीरच्या डोक्यावर लकीची टोपी, एस्ट्रागॉनच्या डोक्यावर त्याची स्वतःची, आणि व्लादिमीरची जुनी टोपी जमिनीवर, अशी वाटणी व्हावी लागते. लकीला टोपीशिवाय विचार करता येत नाही हे पहिल्या अंकात दिसलेले असते, त्यामुळे उरलेल्या नाटकात ‘विचार करणारी’ टोपी व्लादिमीर वागवतो. झेल चुकून टोप्या उलटसुलट झाल्या तर हे सूत्र तुटते. तालमीच्या पहिल्या दिवसापासून खऱ्या टोप्या हव्यात, तिन्हींना आतून वेगवेगळ्या रंगाची पट्टी लावलेल्या. कागदी टोप्यांवर बसलेला हात खऱ्या टोपीला चुकतो.

लकीचे विरामचिन्हे नसलेले भाषण म्हणजे बडबड समजून नट ते एका दमात ओकतो आणि टाळी घेतो. ते कोसळत चाललेले विद्वत्तापूर्ण व्याख्यान आहे आणि त्याचे तीन तुकडे पडतात: माणसाकडे लक्ष न देणारा देव, झिजत आकसत चाललेला माणूस, आणि शेवटी दगडांची पृथ्वी. १९७५ मध्ये बर्लिनच्या शिलर थिएटरात बेकेटने स्वतः नाटक बसवले तेव्हा तालमीची सुरुवात याच भाषणापासून केली होती. पाठ करताना तीन तुकडे वेगळे करावेत, प्रत्येकाचे मुख्य वाक्य अधोरेखित करावे, मग मधली अडखळणी भरावी. बाकी तिघांच्या प्रतिक्रिया संहितेत टप्प्याटप्प्याने दिलेल्या आहेत: आधी दोघे लक्ष देऊन ऐकतात आणि पोझ्झोला किळस येते, मग निषेध, शेवटी सगळे त्याच्यावर तुटून पडतात. त्या तिघांची तालीम लकीशिवायही घ्यावी.

आयनेस्कोच्या ‘द चेअर्स’कडे वळतो. १९५२ चे नाटक. म्हातारा ९५ वर्षांचा, म्हातारी ९४ ची. म्हाताऱ्याला जगाला संदेश द्यायचा आहे, पाहुणे येतात पण दिसत नाहीत, त्यांच्यासाठी खुर्च्या येत राहतात. नाटकाचा विषय संदेश नाही, आयुष्यातले अपयशही नाही. विषय खुर्च्या आहेत, म्हणजे माणसांची गैरहजेरी, असे आयनेस्कोने पहिल्या दिग्दर्शकाला पत्रात कळवले होते. आपल्याकडे या खुर्च्या रंगमंच कामगार आणून मांडतात, किंवा प्लास्टिकच्या एकात एक बसणाऱ्या खुर्च्यांची चळत एकदम येते. मग उरते ती फक्त कल्पना. चौऱ्याण्णव वर्षांच्या म्हातारीने एक-एक, दोन-दोन लाकडी खुर्च्या दारातून ओढत आणायच्या, वेग वाढत जायचा, नटीला खरोखर धाप लागायची. तीसेक खुर्च्यांनंतर दोघांमध्ये इतकी गर्दी होते की नवरा-बायको एकमेकांपर्यंत पोहोचू शकत नाहीत, आणि शेवटी दोघे वेगवेगळ्या खिडक्यांतून उडी घेतात. न दिसणाऱ्या पाहुण्यांची उंची तालमीतच ठरवावी: प्रत्येक खुर्चीमागे काठी उभी करून तिच्यावर रंगीत फीत बांधावी, दोन्ही नटांची नजर त्याच फितीवर जावी. एकाची नजर पाच फुटांवर आणि दुसऱ्याची सहा फुटांवर गेली की पाहुणा नाहीसा होतो. संदेश सांगायला आलेला वक्ता मुकाबहिरा निघतो. त्यानंतर रिकाम्या खुर्च्यांतून प्रथमच माणसांचा आवाज येतो: हसणे, कुजबुज, खोकला. हा ध्वनी वगळणारे दिग्दर्शक आहेत. आतापर्यंत गैरहजर असलेली गर्दी ऐकू येणे, तीही माणसे निघून गेल्यावर, याला पर्याय काय देणार?

‘द बाल्ड सोप्रानो’त घड्याळ सतराचे ठोके देते आणि बाई म्हणतात, नऊ वाजले. ही ओळ विनोदी करून म्हटली की विनोद जातो. गृहिणीच्या शांतपणाने म्हणायची. त्यातल्या मार्टिन दांपत्याला एकाच गाडीने आलो, एकाच घरात राहतो, एकाच पलंगावर झोपतो अशा पुराव्यांवरून आपण नवरा-बायको असल्याचा शोध लागतो, आणि मोलकरीण येऊन मुलीच्या डोळ्यांच्या डाव्या-उजव्या रंगावरून तो पुरावा मोडीत काढते. ओळख म्हणजे आतले काही सत्त्व नसून जुळवलेले पुरावे आहेत, ही अस्तित्ववादी कल्पना विनोदाच्या इतक्या खालच्या पायरीवर उतरवण्याचे धाडस सार्त्रला झाले नसते.

आयनेस्कोच्याच ‘ऱ्हायनोसेरॉस’ला मात्र निवडीचे नाटक म्हणावे लागते, आणि तिथेच सर्वाधिक भाबडेपणा होतो. सगळे गाव गेंडा झाल्यावर एकटा बेरांजे ‘मी शरण जाणार नाही’ म्हणतो. वर स्पॉट, मागे ढोल. त्याच्या आधीचा मजकूर मात्र कापलेला असतो. त्यात तो गेंड्यांच्या कातडीचा हेवा करतो, त्यांच्यासारखे ओरडून पाहतो, ते जमत नाही, आपल्याला शिंग येणार नाही म्हणून हताश होतो. गेंडा होणे जमले नाही म्हणून माणूस राहिलेला हा वीर आहे. तो भाग ठेवला तर शेवटची घोषणा डळमळते, आणि तिने डळमळायलाच हवे. इंग्रज नाटककार हॅरोल्ड पिंटरबद्दल इथे विस्तार करत नाही. त्याच्या संहितेतली तीन टिंबे, पॉज आणि शांतता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे पाळले तरी पुष्कळ.

तत्त्वज्ञान आधी समजावून सांगितल्याशिवाय प्रेक्षकाला हे झेपणार नाही, ही भीती अनाठायी आहे. ‘गोदो’ जानेवारी १९५६ मध्ये मायामीत ‘दोन खंडांतली हास्यस्फोटक घटना’ अशी जाहिरात करून झाले आणि मध्यंतरातच लोक उठून गेले. पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९५७ रोजी, कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांनी ते खिळून पाहिले. नाटक निवडण्यामागे त्यात स्त्रीपात्र नाही हे कारण होते. वाट पाहणे म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावण्याची गरज नव्हती.

मराठीतही हे कळलेले नाटककार झाले. सतीश आळेकरांच्या १९७४ च्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात, जुन्या स्मशानातच जाळा म्हणून हटून बसतात, आणि विधवेच्या मनात ‘डावीकडून तिसरा’ पुरुष भरतो. मृत्यू आणि अस्तित्व यांवर भाष्य करणारे एकही पॅरिसचे वाक्य त्यात नाही. कीर्तन हा अर्थ सांगण्याचाच प्रकार. तो मेलेल्या माणसाच्या हाती दिला आणि आतून पोकळ केला. मोडलेला आकृतिबंधच इथे आशय झाला आहे. स्पर्धेतल्या स्वगतकारांनी बेकेटच्या आधी हे नाटक रंगसूचनांसकट वाचावे.

शेवटी हक्कांची बाब, कारण तीही रंगसूचनांशीच बांधलेली आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. काम्यू १९६० मध्ये वारला, त्यामुळे ‘कॅलिगुला’सारखी त्याची मूळ फ्रेंच नाटके २०२१ पासून मोकळी झाली, इंग्रजी भाषांतरावरून मराठी करणार असाल तर त्या भाषांतरकाराचा हक्क वेगळा पाहावा लागतो. सार्त्रची नाटके २०४० अखेरपर्यंत, बेकेटची २०४९ अखेरपर्यंत आणि आयनेस्कोची २०५४ अखेरपर्यंत हक्कात आहेत. बेकेटच्या बाबतीत संहिता आणि रंगसूचना न बदलण्याची अट कडकपणे घातली जाते. १९८४ मध्ये अमेरिकेत त्याचे ‘एंडगेम’ भुयारी रेल्वेच्या नेपथ्यात केले तेव्हा बेकेटने इतका आक्षेप घेतला की त्याचा निषेध प्रयोगाच्या माहितीपत्रकात छापावा लागला. परवानगीच्या अर्जात रंगमंचाचे माप, पात्रसंख्या आणि भाषांतर कशावरून केले आहे हे स्पष्ट लिहावे, आणि परवानगीचे पत्र हाती येईपर्यंत नेपथ्याला हात लावू नये. नकार आला तर झाड दुसऱ्या नाटकात वापरता येते, छापलेली तिकिटे येत नाहीत.

कळावे,
आपले,
नाट्यवाचन गटातील काही वाचक, सांगली